खेळ बिघडतो तेव्हा



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डीचे दिवस सुरू होतात. उरण-पेणपासून अलिबाग, रोहा, मुरूडपर्यंत गावोगाव मैदाने आखली जातात, दिव्यांच्या माळा लागतात आणि आजूबाजूच्या चार गावांची माणसे रात्र रात्र जागतात. अशाच एखाद्या रात्री आपल्या गावचा संघ एका गुणाने हरतो. परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न : सामना घालवला कुणी? कुणी म्हणतो, शेवटच्या चढाईला गेलेल्या पोरानं. कुणी म्हणतो, पंचानं. तिसरा हळूच कानाशी लागतो, “अहो, त्यांच्या संघात दोन पोरं वयानं मोठी होती, ठाऊक आहे का?” दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर निकाल लागतो. एक माणूस दोषी ठरतो, त्याला चार शिव्या बसतात आणि प्रकरण मिटते. पुढच्या वर्षी माणसे वेगळी असतात, पण तक्रार तीच असते.

खेळाला दोन प्रकारची दुखणी होतात. एक म्हणजे खेळ उतरणे : चांगली पोरे असूनही संघ हरत राहतो. दुसरे म्हणजे खेळ नासणे : वय चोरणे, खोटी प्रमाणपत्रे, मुद्दाम हरणे, जनावराला मारझोड करणे. दोन्ही दुखण्यांवर आपण एकच औषध देतो. माणूस शोधायचा आणि काढून टाकायचा. हे औषध पुष्कळदा लागू का पडत नाही, आणि त्याच्या जोडीला आणखी काय करावे लागते, ते आज आपण पाहू.

ही गोष्ट खारेपाटातल्या शेतकऱ्याला नव्याने शिकवायला नको. आपल्याकडे समुद्राचे खारे पाणी अडवून भाताची शेती केली जाते. त्यासाठी बांध असतो आणि आतले पाणी बाहेर सोडायला उघाडी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड पडली, तर तेवढीच खांड बुजवून जाणता शेतकरी घरी जात नाही. तो विचारतो, खांड इथेच का पडली? खेकड्यांनी बिळे केली होती का? उघाडीची फळी कुजली होती का? बाहेरच्या बाजूची लाटा मोडणारी कांदळाची झाडे कुणी तोडली? डागडुजीची पाळी कुणाची होती आणि ती का चुकली? पूर्वी ही डागडुजी गावकरी मिळून करीत, त्याला जोळ म्हणत. एकाच्या शेताची खांड ही सगळ्यांच्या शेताची खांड, हे त्या जोळीला माहीत होते. नुसती खांड बुजवली, तर पुढच्या उधाणाला पाणी शेजारून फुटते. पाण्याचा जोर तोच राहिलेला असतो.

या शहाणपणाला आता शास्त्राचे रूप आले आहे. अमेरिकेत जे फॉरेस्टर नावाचे एक इंजिनियर होऊन गेले. नेब्रास्का प्रांतात, गुरे पाळणाऱ्या कुटुंबात ते वाढले. 1956 पासून त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेत कारखान्यांचा अभ्यास सुरू केला. कारखान्यात कधी मालाचा ढीग साचतो, कधी तुटवडा पडतो. याचा दोष बाजाराला किंवा कामगाराला देण्याची रीत होती. फॉरेस्टर यांनी दाखवून दिले, की हे चढउतार पुष्कळदा कारखान्याच्या स्वतःच्या कारभारातून जन्माला येतात. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाने वागतो आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज मात्र मूर्खपणाची होते. अशा रीतीने सगळ्या व्यवस्थेकडे एकत्र पाहण्याला आपण व्यवस्थेचा विचार म्हणू.

हा विचार करायला तीन साधे प्रश्न पुरतात. पहिला : इथे बक्षीस नेमके कशाला मिळते? दुसरा : कोणता फेरा फिरतो आहे, म्हणजे एका गोष्टीतून दुसरी वाढते आणि दुसरीतून पुन्हा पहिलीच वाढते, असे कुठे घडते आहे? तिसरा : केलेल्या कामाचे फळ किती उशिरा दिसते? आता हे तीन प्रश्न खेळाला लावून पाहू.

पहिल्या प्रश्नासाठी लंडनला जाऊ. 2012 च्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बॅडमिंटन दुहेरीत प्रथमच आधी गटातले सामने आणि मग बाद फेरी अशी पद्धत ठेवली होती. गटात दुसरे आले, तर पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळेल, असे काही जोड्यांच्या लक्षात आले. मग काय झाले? दोन्ही बाजूंच्या खेळाडू हरण्यासाठी खेळू लागल्या. सर्व्हिस जाळ्यात, फटका बाहेर! प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. चीनची एक, इंडोनेशियाची एक आणि दक्षिण कोरियाच्या दोन, अशा चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू स्पर्धेतून बाद झाल्या. शिक्षा योग्यच होती. पण जागतिक महासंघ तेवढ्यावर थांबला नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी त्याने नियम बदलला. गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांसाठी पुन्हा चिठ्ठ्या काढायच्या असे ठरले. हरून कोण समोर येईल हे आधी कळेना, म्हणून हरण्यातला फायदाही उरला नाही.

फुटबॉलमध्येही असेच घडले होते. 1982 च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा गटातला शेवटचा सामना होता. अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपलेले होते. जर्मनी एका-दोन गोलांनी जिंकली, तर दोन्ही संघ पुढे जाणार आणि अल्जीरिया घरी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होते. जर्मनीने दहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला बहुतेक वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला. नियमात बसत होते, म्हणून कुणालाही शिक्षा झाली नाही. पण पुढच्या स्पर्धेपासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. घड्याळाची वेळ बदलली आणि एक मोठी खांड बुजली. आपल्या तालुक्याच्या साखळी सामन्यांतही हे करता येते. त्याला दोन मैदाने लागतील, एवढेच.

आता आपल्या कबड्डीकडे येऊ. आघाडीवर असलेल्या संघाचा चढाईपटू मध्यरेषेपलीकडे जातो, निदान रेषेला पाय लावतो आणि परत येतो. ना गुण, ना धोका. प्रेक्षक म्हणतात, पोरगा भित्रा आहे. खरे तर तो शहाणा आहे, कारण रिकाम्या चढाईची त्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तिथे तिसऱ्या चढाईचा नियम होता. दोन चढाया ओळीने रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणायलाच हवा, नाहीतर चढाईपटू बाद. तीन किंवा त्याहून कमी रक्षक असताना पकड केली, तर एक गुण जादा. पोरे तीच, पण खेळ बदलला. भित्रेपणा पोरांच्या रक्तात नव्हता, जुन्या हिशेबात होता.

हाच हिशेब हार-जितीलाही लागू पडतो. 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीचा समावेश झाला. तेव्हापासून 2014 पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. 2018 साली जकार्ताला मात्र उपान्त्य सामन्यात इराणने आपल्याला 27-18 असे हरवले, आणि महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच 27-24 असा जिंकला. देशभर बोटे कर्णधाराकडे वळली. पण साखळी जरा मागे मागे ओढून पाहा. इराणचे खेळाडू आपल्याच लीगमध्ये येऊन, आपल्याच चढाईपटूंसमोर खेळून तयार झाले होते. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. म्हणजे आपली विद्या बाहेर जात होती आणि फळत होती.

आणि घरी काय चालले होते? त्याच ऑगस्ट महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय महासंघाच्या निवडणुकांवर आक्षेप मान्य करून कारभार प्रशासकाकडे सोपवला. संघाची निवड न्यायाने झाली नाही, अशी तक्रारही न्यायालयापुढे आली होती. निवडलेले खेळाडू आणि डावललेले खेळाडू यांची लढत घेऊन पाहा, असे न्यायालयाने सांगितले. 15 सप्टेंबर 2018 ही तारीख ठरली, पण निवडलेला संघ मैदानावर आलाच नाही. तक्रार खरी की खोटी, याचा निवाडा आपण इथे करायचा नाही. पण निवड कशी झाली हे लोकांना दिसत नसेल, तर दोन गोष्टी एकदम घडतात. चांगला खेळाडू बाहेर राहण्याची भीती वाढते आणि जो आत आहे त्याच्यावरचा विश्वास उडतो. खेळ उतरणे आणि खेळ नासणे ही दोन दुखणी वेगळी दिसली, तरी त्यांची मुळे पुष्कळदा एकाच बांधात असतात.

2023 साली हांगझोऊला भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली. पण पुरुषांच्या अंतिम सामन्यात 28-28 अशी बरोबरी असताना खेळ सुमारे तासभर थांबला. भारताचा चढाईपटू रक्षकाला स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला, मागून इराणचे रक्षकही गेले. आता बाद कोण? जुन्या नियमाने उत्तर एक येई, लीगच्या नव्या नियमाने दुसरे. पंच गोंधळले, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले. अखेर भारत 33-29 असा जिंकला. त्या रात्री पंचांना सगळ्यांनी नावे ठेवली. पण एका खेळाला दोन नियमपुस्तके असली, तर सर्वांत प्रामाणिक पंचसुद्धा कुणाला तरी अप्रामाणिक वाटणारच. गावच्या सामन्यात शिट्टी वाजण्याआधी दोन्ही कर्णधारांना बसवून नियम मोठ्याने वाचून दाखवावेत, ते याचसाठी.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी सर्वांत जवळचा प्रश्न : वयाची चोरी.

आपल्या खेड्यांत वाडवडिलांच्या जन्मतारखा पाहा. 1 जून, 1 जून, 1 जून! शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येईना, म्हणून मास्तरांनी शाळा सुरू होण्याचा सुमार धरून ती लावून दिली. त्यात कुणाचे नुकसान नव्हते. पुढे शालेय स्पर्धांना 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट आले. गटात जिंकले की जिल्ह्याला, विभागाला, राज्याला जायचे. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळू लागले, शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. यातली एकेक गोष्ट चांगल्या हेतूने आली आहे. पण सगळ्या एकत्र ठेवा आणि पहिला प्रश्न विचारा : बक्षीस कशाला मिळते? कागदावरच्या तारखेला. मग नोंदवहीतल्या आकड्यावर जोर येणारच, जसा उधाणाचा बांधावर येतो.

इथे फेरा कसा फिरतो, तेही पाहा. एका शाळेने पंधरा वर्षांचा मुलगा चौदाच्या गटात उतरवला आणि ती जिंकली. शेजारच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला विचारणा झाली, “तुमचा संघ का येत नाही वर?” त्यांनी दोन वर्षे सचोटी पाळली, तिसऱ्या वर्षी तेही वाकले. आता प्रामाणिक राहणे पूर्वीपेक्षा महाग झाले. अशा रीतीने चोरीतून चोरी वाढते आणि शेवटी कुणाला ती चोरी वाटेनाशी होते. “सगळेच करतात” हे वाक्य ऐकू आले, की समजावे, फेरा पुरा झाला.

तिसरा प्रश्न फळाच्या विलंबाचा. मोठ्या वयाच्या मुलाला घेतल्याचा फायदा आजच दिसतो, चषक शाळेच्या कपाटात येतो. तोटा सात-आठ वर्षांनी दिसतो. तो मुलगा ताकदीवर जिंकत गेला, कौशल्य शिकलाच नाही. मोठ्या गटात सगळेच ताकदवान निघाले, तेव्हा तो मागे पडला. आणि ज्याची जागा त्याने घेतली, तो खरा तेरा वर्षांचा मुलगा? तो केव्हाच घरी बसला. 2015 साली पतौडी स्मृतिव्याख्यानात राहुल द्रविड यांनी क्रिकेटमधल्या याच रोगावर बोट ठेवले होते. अशा प्रामाणिक मुलाचा खेळावरचा विश्वास उडतो आणि आपण त्याला कायमचे गमावून बसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. घरी बसलेल्या त्या मुलाचे नाव कुठल्याच अहवालात येत नाही, म्हणून हे नुकसान कुणाला दिसत नाही.

उपाय म्हणून मनगटाचा क्ष-किरण फोटो काढून हाडांवरून वय अजमावतात, क्रिकेट मंडळाने ही तपासणी लागू केली आहे. तिचा उपयोग आहे, पण मर्यादाही आहे. कुणाची हाडे लवकर पक्की होतात, कुणाची उशिरा. आणि कागद अगदी खरे असले, तरी एक गोष्ट उरतेच. 1 जानेवारी ही गटाची सीमा धरली, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे केवढे मोठे! कॅनडात रॉजर बार्न्सले या मानसशास्त्रज्ञाने 1985 साली बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंचे जन्ममहिने तपासले. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले फार जास्त आणि शेवटच्या महिन्यांतले फार थोडे निघाले. मोठा दिसला म्हणून निवडला, निवडला म्हणून जास्त सराव मिळाला, सराव मिळाला म्हणून खरोखरच चांगला झाला. इथे कुणीही लबाडी केलेली नाही. तरीही डिसेंबरच्या मुलावर अन्याय झाला. माणसांत दोष नसतानाही व्यवस्था अन्याय करू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

वजनाचेही तसेच आहे. कबड्डीत गटांना वजनाची मर्यादा असते. सामन्याच्या आदल्या दिवशी पोरे जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, अंगावर दोन-दोन कपडे चढवून धावतात. हे किती जिवावर बेतू शकते? 1997 साली अमेरिकेत महाविद्यालयांचे तीन तरुण कुस्तीगीर वजन उतरवण्याच्या नादात काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. तेव्हा तिथल्या संघटनेने पोरांना नुसता उपदेश केला नाही. वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या अगदी जवळ आणली, म्हणजे वजन उतरवून पुन्हा भरून काढायला वेळच उरू नये. घाम काढण्याचे रबरी कपडे आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या. अंगात पाणी पुरेसे आहे की नाही, हे तपासून मगच हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाचे कमीत कमी वजन ठरवून टाकले. वजनकाटा तोच, पण तो कधी ठेवायचा, एवढ्या एका गोष्टीने वागणूक बदलते.

आता आपल्या पुळणीवरच्या शर्यतीकडे वळू. ओहोटी लागली, ओली वाळू घट्ट झाली, की अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर बैलगाड्या धावतात. शर्यतीचा बैल हे घरातले लेकरू मानणारी माणसे आपल्याकडे आहेत. मग त्याच बैलाला पराणी टोचण्यापर्यंत, शेपटी पिरगाळण्यापर्यंत मजल कशी जाते? फेरा लावून पाहा. बक्षीस मोठे झाले की जिंकणाऱ्या बैलाची किंमत वाढते. किंमत वाढली की त्यात पैसा गुंततो. पैसा गुंतला की हरणे परवडत नाही. आणि एकाने पराणी लावली, की शेजारच्या गाडीवाल्याला ती न लावणे परवडत नाही.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. बंदीमागची कळकळ खरी होती. पण बक्षीस, हौस आणि ईर्षा हा पाण्याचा जोर तसाच राहिला, आणि काही ठिकाणी शर्यती चोरून होऊ लागल्या. चोरून होणाऱ्या शर्यतीला ना जनावरांचा डॉक्टर, ना पंच, ना लोकांचा डोळा. 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, अंतराला 1000 मीटरची मर्यादा आहे, बैलाची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, काठी-चाबूक-पराणी चालत नाही. छळ केला तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शर्यत असावी की नसावी यावर प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत आणि राहतील. पण ती होणार असेल, तर या अटी कागदावर राहून भागणार नाही. पराणी दिसली की गाडी तिथल्या तिथे बाद, हा निर्णय गावच्या पंचांनी सगळ्यांसमोर, पहिल्याच फेरीत दिला पाहिजे. मग पराणी लावणे हाच तोट्याचा धंदा होतो आणि फेरा उलटा फिरू लागतो.

यावर कुणी म्हणेल, “मग काय, दोष सगळा व्यवस्थेचा! माणूस सुटला.” तसे मुळीच नाही. चोरी करणाराने चोरी केली आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. लंडनच्या आठ जणी सुटल्या नाहीत, हे आपण पाहिले. पण दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. शिक्षा कुणाला करायची, हा एक. उद्या दुसरा माणूस त्याच जागी आला तर तोही तेच करील का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर “हो” आले, तर आपले काम संपलेले नाही. आणि यातून जबाबदारी कमी होण्याऐवजी वाढते. चौदा वर्षांच्या पोरापेक्षा त्याचा अर्ज भरणारा मोठा माणूस अधिक जबाबदार, आणि त्याहून अधिक जबाबदार तो, ज्याच्या हातात नियम बदलणे आहे आणि तरी तो बदलत नाही.

मग शाळेने आणि गावच्या मंडळाने काय करावे? मोठा खर्च नको. पहिलीच्या प्रवेशाची जी नोंद असेल, तीच तारीख खेळाच्या अर्जावर जावी, आणि संघांची यादी तारखांसह सामन्याआधी फलकावर लावावी. चार गावांचे डोळे हा सर्वांत स्वस्त तपासनीस आहे. निवड चाचणीचे गुण मुलांसमोर मांडावेत. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुलांचा एक वेगळा सामना ठेवावा, त्यातले हिरे तेव्हाच दिसतील. क्रीडाशिक्षकाला “चषक किती?” असे विचारणाऱ्या मुख्याध्यापकांनी “गेल्या वर्षीची किती मुले यंदाही मैदानावर आहेत?” हेही विचारावे. मंडळांनी बक्षिसाची सगळी रक्कम पहिल्या क्रमांकावर न ओतता थोडी शिस्तीला, थोडी सर्वांत लहान वयाच्या संघाला द्यावी. आणि तंटा झाला, तर दोषी ठरवण्याच्या बैठकीनंतर आणखी एक बैठक घ्यावी, नुसता नियम पाहण्यासाठी. दोन्ही बैठका एकाच रात्री मात्र घेऊ नयेत. रागावलेल्या माणसाला माणूसच दिसतो, नियम दिसत नाही.

या उपायांचे फळ लगेच दिसणार नाही, हेही सांगून ठेवतो. पहिल्या वर्षी सचोटीने उतरलेला संघ कदाचित पहिल्याच फेरीत हरेल. तेव्हा “कशाला हवे होते हे?” असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्या वेळी जोळीतल्या माणसाची आठवण ठेवा. उन्हाळ्यात, समुद्र शांत असताना, कोरड्या बांधावर माती टाकणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही. त्या मातीची किंमत श्रावणातल्या उधाणाला कळते. शेजारच्या शाळांनीही बरोबरच सुरुवात केली, तर हे सोपे जाईल, म्हणून केंद्रातल्या सर्व शिक्षकांनी मिळून ठरवावे.

तुमच्या शाळेतला एखादा बारीक अंगाचा, तेरा वर्षांचा मुलगा यंदा मैदानाच्या कडेला उभा राहून सामना बघत असेल. त्याला विचारा, तू का खेळत नाहीस? तो जे उत्तर देईल, तिथून कामाला सुरुवात करा.